पथ्यावर पडलेलं शहर

बर्मिंगहॅमला खाण्यापिण्यासाठी म्हणून कुणी जात नाही. तिथे माणसं जातात ती नोकरीला, शिकायला, लेकीच्या बाळंतपणाला, नाहीतर गाडी बदलायला. वस्ती अकरा लाखांच्या वर, इंग्लंडात लंडनखालोखाल दुसरा नंबर. पण त्या नंबराचा टेंभा मिरवणारा माणूस मला तिथे भेटला नाही. "तुमच्या गावात बघण्यासारखं काय?" असं अस्सल बर्मिंगहॅमकराला विचारलं, की तो डोकं खाजवतो, ढगांकडे बघतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, "इथून स्ट्रॅटफर्ड जवळ आहे."

माझा मेव्हणाही आता त्यांच्यातलाच झालाय. आम्ही येणार म्हटल्यावर त्याने कार्यक्रमाचा तक्ताच करून पाठवला. ऑक्सफर्ड, कॉट्सवोल्ड्स, शेक्सपिअरचं घर, वॉरिकचा किल्ला, लंडन. बर्मिंगहॅमपुढे लिहिलं होतं : 'विमानतळावरून येताना दिसेलच.'

मला मात्र हेच शहर बघायचं होतं, आणि तेही पोटाच्या वाटेने. अडचण एवढीच की माझ्यासोबत बायको होती आणि बायकोसोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तळलेलं नको, गोड बेताने, मैदा टाळा, चहा दोनदाच, आणि सगळ्यात खाली, डॉक्टरी पेशाला न शोभणाऱ्या सुवाच्य अक्षरात : 'मद्य बंद'. या चिठ्ठीचा फोटो बायकोने भावाला आधीच पाठवला होता. म्हणजे मी बर्मिंगहॅमला पोचायच्या आत माझं पथ्य तिथे पोचून, हातपाय धुऊन, माझी वाट बघत बसलं होतं.

पण पथ्यावरचा माणूस शहर फार बारकाईने बघतो. जे खाता येत नाही त्याचा निदान इतिहास तरी वाचतो. त्यातून मला एक शोध लागला. या शहराचं अख्खं स्वयंपाकघर औषधाच्या कपाटातून निघालंय. बर्मिंगहॅमचं म्हणून जे खाणंपिणं जगभर गेलं, त्याच्या मुळाशी कुणाचं तरी बिघडलेलं पोट, नाहीतर कुणाचं तरी व्रत आहे. लंडनकडे राजा आहे, लिव्हरपूलकडे बंदर आहे, मँचेस्टरकडे फुटबॉल आहे. बर्मिंगहॅमकडे अजीर्ण आहे.

सुरुवात कस्टर्डपासून. ऐनवेळी चार पाहुणे वाढले की केळी-सफरचंद चिरून त्यावर आपण जे पिवळं सारवण घालतो, ज्यासाठी पुण्याच्या वीकफील्डचा डबा घरोघरी असतो, त्या भुकटीचा जन्म बर्मिंगहॅमचा. आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, अंडं सोसत नसे. आता इंग्रजी कस्टर्ड म्हणजे अंडं, दूध आणि साखर. यातून अंडं वगळलं तर उरतं ते गोड दूध, आणि ते काय, आजाऱ्यालाही देतात. तर या गृहस्थाने १८३७ साली मक्याच्या पिठावर बिनअंड्याचं कस्टर्ड जमवलं. पुढे एकदा ते पाहुण्यांच्या पानात गेलं, आणि त्यांनी ते मिटक्या मारत संपवलं, अशी कथा सांगतात. बायकोचं पथ्य धंद्याला लागलं.

एलिझाबेथबाईंना यीस्टही चालेना. म्हणजे पाव बंद. बर्डने १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली. ती पुढे क्रिमियाच्या युद्धात सैनिकांना ताजा पाव मिळावा म्हणून गेली. एका बाईच्या पोटाची कुरकुर काळ्या समुद्रापर्यंत ऐकू गेली म्हणायची.

हे सगळं मी डिगबेथ भागात, बर्डच्या जुन्या कारखान्यासमोर उभं राहून मोठ्या उत्साहाने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लक्षात आलं की श्रोता चुकीचा निवडला.

"बघा," बायको म्हणाली, "तिला अंडं चालेना, तर त्याने नवा पदार्थ शोधला. मला इतकी वर्षं वांगं चालत नाही. तुम्ही काय शोधलंत?"

मी भरीत चांगलं मिळणारं हॉटेल शोधलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

या कारखान्याला आता 'कस्टर्ड फॅक्टरी' म्हणतात. इथे स्टुडिओ आहेत, जुन्या कपड्यांची दुकानं आहेत, केस कापायची आणि दाढी न कापायची सोय आहे, भिंतीभर रंगवलेली चित्रं आहेत. नाही ते फक्त कस्टर्ड. ते १९६४ मध्येच बॅनबरीला गेलं. तरी मी तिथल्या एका कॅफेत विचारून पाहिलं. काउंटरमागच्या दाढीवाल्या मुलाने दिलगिरी व्यक्त केली आणि काचेतल्या केककडे बोट दाखवलं. त्यात अंडं नव्हतं, दूध नव्हतं, गहू नव्हता, साखरही नव्हती. वर ठेवलेल्या पाटीवर या सगळ्या नसलेल्या गोष्टींची नावं खडूने लिहिली होती, आणि त्या प्रत्येक नसण्याचे पैसे किमतीत धरलेले दिसत होते. आल्फ्रेड बर्ड वरून बघत असेल तर त्याचा ऊर भरून आला असेल.

तिथून चालत थोडं पुढे गेलं की बोर्डेस्ली स्ट्रीटवर टायफू चहाची जुनी इमारत लागते. तिचीही कुळकथा तीच. जॉन समनर नावाच्या किराणावाल्याची बहीण पोटदुखीने हैराण होती. तिला बारीक भुकटी चहाने बरं वाटलं. त्या काळी सभ्य इंग्रज मोठ्या पानाचा चहा पीत आणि भुकटीला नाक मुरडत. समनरने १९०३ मध्ये तीच भुकटी 'अपचनावर गुणकारी' म्हणून विकायला काढली, आणि वैद्य या अर्थाच्या चिनी शब्दावरून तिचं नाव बेतलं. म्हणजे आपल्याकडे ज्याने पित्त होतं म्हणून डॉक्टर दोन कपांवर आणतात, तेच इथे डॉक्टरांच्या शिफारशीने लोक किटलीभर रिचवत होते. २००५ मध्ये ही कंपनी कोलकात्याच्या एपीजे समूहाने घेतली आणि काही वर्षांनी सोडूनही दिली. मी बायकोला म्हटलं, औषध म्हणून आणखी एक कप घ्यायला हरकत नसावी. तिने घड्याळ पाहिलं. या बाईला इतिहासात रस नाही.

आता कॅडबरी. हे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं.

कॅडबरी मंडळी क्वेकर पंथाची. साधं राहणं, युद्धाला विरोध, आणि दारूचं नाव काढायचं नाही. जॉन कॅडबरीने १८२४ मध्ये बुल स्ट्रीटवर दुकान थाटलं ते चहा, कॉफी आणि कोको विकायला. लोकांनी दारू सोडावी, तर त्यांच्या हातात दुसरा पेला द्यायला हवा, असा त्यामागचा विचार. त्याच्या मुलांनी, रिचर्ड आणि जॉर्जने, १८७९ मध्ये कारखाना शहराच्या धुरातून उचलून रानात नेला. पुढे १८९३ मध्ये जॉर्जने शेजारची १२० एकर जमीन घेतली आणि तिथे टुमदार घरांचं गाव वसवलं. तेच बोर्नव्हिल. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाडं, कारखान्यासमोर क्रिकेटचं मैदान, आणि चौकाजवळ शाळेच्या मनोऱ्यात ४८ घंटांचं वाद्य. वारा बरा असला तर हवेला कोकोचा वास येतो. मधुमेह्याने इथे श्वासही मोजून घ्यावा.

या गावात सगळं आहे. फक्त पब नाही. इंग्लंडमध्ये देवळाशिवाय गाव सापडेल, पण पबशिवाय? कॅडबरींनी नियमच घातला, आणि मालकी पार अमेरिकेत गेली तरी गावाने तो सांभाळला. रविवारी दुपारी मेव्हणा आम्हाला तिथल्या रस्त्यांवरून हिंडवत होता. घरं इतकी नीटनेटकी, हिरवळ इतकी विंचरलेली, की थोड्या वेळाने आपणच कुठेतरी चुरगळलेले आहोत असं वाटायला लागतं. मेव्हणाही अस्वस्थ झाला होता. शेवटी म्हणाला, "भाऊजी, स्टर्चलीला जाऊ या?"

स्टर्चली म्हणजे बोर्नव्हिलची शेजारीण. वेस ओलांडली की लगेच. आणि तिथे, देवा रे देवा, बिअर गाळणारे कारखाने, त्यांच्या अंगणात मांडलेली बाकडी, बाटल्यांची दुकानं, बार, एकाला लागून एक. बोर्नव्हिलने न प्यायलेली सगळी बिअर स्टर्चलीत साठलीये. बागेत सफरचंदाच्या झाडाखाली सोज्वळपणे बसलेले अनेक चेहरे मला अर्ध्या तासाने तिकडे दिसले. एकादशी, दुप्पट खाशी हे क्वेकर मंडळींना कुणी सांगायला हवं होतं. मी लिंबूसोडा घेतला. मेव्हण्याने माझ्या वाटची घेतली.

बोर्नव्हिलमध्ये माझं एक खाजगी कामही होतं. आमच्या पिढीची उंची जिने वाढवायचा प्रयत्न केला, ती बोर्नव्हिटा या गावाच्या नावाची. लहानपणी तिच्या डब्याचं झाकण चमच्याने उचकटताना होणारा आवाज आमच्या आईला दोन खोल्यांपलीकडे ऐकू जायचा. तर तिच्या माहेरी आलोच आहोत, एक डबा इथूनच घ्यावा असं मनात होतं. कारखान्याच्या दुकानात चॉकलेटच्या चळती छताला टेकल्या होत्या. गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं.

"बोर्न काय, बॅब?" ती म्हणाली.

इथे सगळेच सगळ्यांना 'बॅब' म्हणतात. बसचा ड्रायव्हर, भाजीवाली, तिकीट तपासनीस. साठीच्या माणसाला कुणी इतक्या मायेने हाक मारली की राग कसा धरणार? तिने आणखी दोघींना बोलावलं. एकीला आठवलं की तिची आजी रात्री झोपताना काहीतरी तसलं प्यायची. ब्रिटनमध्ये बोर्नव्हिटा २००८ मध्येच बंद झाली म्हणे. ती शेवटी आम्हाला हँड्सवर्थच्या सोहो रोडवर, तूरडाळ आणि लिज्जत पापडाच्या मधल्या फळीवर मिळाली. डब्यावर लिहिलं होतं, 'भारतात तयार'. बोर्नव्हिलपासून काही मैलांवर, पौंडांत पैसे मोजून. बायको म्हणाली, साखर बघा किती आहे ती, आणि डबा परत ठेवला.

पोटाच्या तक्रारीतून किंवा व्रतातून न जन्मलेला एकच बर्मिंगहॅमी पदार्थ मला सापडला, तो म्हणजे एचपी सॉस. तोही पुरता बर्मिंगहॅमी नाही. कृती नॉटिंगहॅमच्या एका किराणावाल्याची. ती त्याने देणी फिटावीत म्हणून इथल्या व्हिनेगर कंपनीला विकली. कंपनीने ॲस्टनच्या कारखान्यात तो करायला घेतला आणि बाटलीवर लंडनच्या पार्लमेंटचं चित्र छापलं. वर १९८४ पर्यंत तिच्यावर फ्रेंचमध्येही मजकूर असायचा. गावाचा स्वतःवर विश्वास नसला की असं होतं.

हा सॉस इंग्रज माणूस सकाळच्या भरगच्च न्याहारीवर ओततो. मेव्हणा आम्हाला एका जुन्या कॅफेत घेऊन गेला. पावाची तळलेली चकती, तळलेलं अंडं, सॉसेज, बेकन, मशरूम, अर्धा भाजलेला टोमॅटो आणि या सगळ्यांना बुडवायला निघालेल्या बीन्स. माझ्यासमोर बीन्स आणि टोमॅटो. मग वेळ घालवायला मी सॉसची बाटली वाचायला घेतली. व्हिनेगर, टोमॅटो, खजूर, चिंच, मसाले. मी पुन्हा वाचलं. खजूर आणि चिंच! बोटाच्या टोकावर एक थेंब घेऊन चाखला. व्हिनेगरचा झटका सोडला, तर ही सरळसरळ भेळेवरची चटणी. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन ही प्रत्येक पदार्थावर ओततात, असं त्यांच्या बायकोनेच सांगून टाकलं होतं. एक अख्खा देश पिढ्यानपिढ्या आंबटगोड चटणी बाटलीतून डुकराच्या मांसावर घेतोय, आणि कुणालाही तिच्यात कुरमुरे घालून बघावंसं वाटलं नाही. याला साम्राज्य चालवता येतं, पण चौपाटी नाही.

ॲस्टनच्या त्या कारखान्याच्या मधूनच पुढे एक मोठा रस्ता गेला. तेव्हा कारखान्याच्या दोन तुकड्यांना जोडायला रस्त्याच्या डोक्यावरून एक नळ टाकला आणि त्यातून व्हिनेगर वाहायला लागलं. खाली मोटारींचा पूर, वर व्हिनेगरचा. २००७ मध्ये कारखाना बंद पडला. सॉस आता हॉलंडमध्ये होतो. बाटलीवर पार्लमेंट आहेच.

आता खाल्लेलं जिरवायला चालणं आलं. बर्मिंगहॅमची एकुलती एक फुशारकी म्हणजे 'आमच्याकडे व्हेनिसपेक्षा जास्त मैल कालवे आहेत.' ३५ मैल, व्हेनिसचे २६. हे सांगतानाही ते ओशाळतात, कारण ऐकणारा लगेच व्हेनिस डोळ्यांपुढे आणतो आणि समोर असतं ते विटांच्या पुलाखालचं काळसर पाणी. पण हे कालवे गाणी म्हणायला खोदलेच नव्हते. १७६९ मध्ये पहिला कालवा आला आणि गावातला कोळसा निम्म्या किमतीला मिळायला लागला. एवढं कोणत्या गोंडोल्याने केलंय?

गॅस स्ट्रीट बेसिनपासून निघून काठाकाठाने गेलं, की फार्मर्स ब्रिजची १३ पाणदारं ओळीने उतरत जातात. शतपावलीला याहून सुरेख जागा मी पाहिलेली नाही. इथल्या बोटी जेमतेम सात फूट रुंद आणि आगगाडीच्या डब्यासारख्या लांब. एक जोडपं आपली बोट खाली उतरवत होतं. नवरा मागे सुकाणूवर, हातात चहाचा मग, चेहऱ्यावर दर्यावर्दी भाव. बायको काठावर लोखंडी हँडल घेऊन. ती वाकून झडप उघडायची, पाणी उतरेपर्यंत थांबायची, मग पाठ लावून ते अजस्र लाकडी दार ढकलायची, आणि पुढच्या दाराकडे पळायची. तो बोट दोन हात पुढे घ्यायचा आणि चहाचा घोट. प्रत्येक दाराशी तो तिला काही सूचनाही करत होता. आमच्या बायकोने हे तीन दारांपर्यंत शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "इतकं लांब यायची गरज नव्हती."

बाकी गावात पुतळे पुष्कळ आहेत आणि एकाचाही मान राखलेला नाही. वाफेचं यंत्र घडवणारे बोल्टन, वॅट आणि मर्डॉक सोनेरी रंगात उभे राहून नकाशा बघताहेत. लोक त्यांना 'गालिचेविके' म्हणतात. व्हिक्टोरिया चौकात कारंज्यात पहुडलेली ब्राँझची भव्य स्त्री आहे. शिल्पकार ध्रुव मिस्त्री, मूळचे गुजरातचे, बडोद्यात शिकलेले. त्यांनी १९९३ मध्ये नदीचं रूप म्हणून ती घडवली. गावाने तिचं बारसं केलं 'फ्लूझी इन द जकुझी', म्हणजे टबात डुंबणारी नटवी. कारंजं गळायला लागलं, तेव्हा पालिकेने पाणी तोडून त्यात चक्क फुलझाडं लावली. २०२२ मध्ये नदीला पुन्हा पाणी मिळालं.

तो बोल्टन जेवू घालणाराही होता. सोहो हाउस या त्याच्या घरी शास्त्रज्ञ, कारखानदार, डॉक्टर जेवायला जमत ते पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे परतताना रस्त्याला उजेड असावा. त्यात वॅट असे, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस असत. बोल्टनच्या टांकसाळीत याच सुमारास मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणीही पडत होती. आपल्या खापरपणजोबांनी बाजारात भाजी घेताना मोजलेला पैसा इथला असू शकेल.

या मंडळींत एक पाहुणा होता जोसेफ प्रीस्टली. धर्मोपदेशक आणि रसायनशास्त्रज्ञ. १७६७ मध्ये लीड्सला असताना शेजारच्या बिअरच्या भट्टीतली हवा पाण्यात मिसळून त्याने सोडावॉटर केलं. बिअरच्या शेजारी राहून सोडा शोधणारा माणूस बर्मिंगहॅमलाच येणार, नाहीतर जाणार कुठे? पण इथे त्याला जेवण भोवलं, आणि तेही न जेवलेलं. १४ जुलै १७९१ ला फ्रेंच क्रांतीच्या दुसऱ्या वर्षदिनाची मेजवानी इथल्या एका हॉटेलात होती. वातावरण तापलेलं बघून प्रीस्टली गेलाच नाही. घरी साधंसं जेवून तो बायकोबरोबर बॅकगॅमन खेळत बसला. जमावाने आधी हॉटेल फोडलं, मग प्रार्थनाघरं जाळली आणि मग प्रीस्टलीचं घर, पुस्तकं आणि प्रयोगशाळा. पुढचे दोन-तीन दिवस श्रीमंतांच्या वाड्यांतली तळघरं रिकामी होत राहिली. एका ठिकाणी पिंपांजवळ पीत बसलेल्या दंगेखोरांवर जळतं छप्परच कोसळलं. सोडावाला तोवर निसटला होता. दारू कुठे सोडावी हे त्यांना कळलं नाही आणि सोडा कोणी दिला हे त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रीस्टलीचं ते घर स्पार्कब्रुकमध्ये होतं. आणि त्याच स्पार्कब्रुकमध्ये आज आपण जातो बाल्टी खायला.

बाल्टी हा पदार्थ १९७०च्या दशकात इथेच जन्मला. पाकिस्तानी आणि काश्मिरी, बरेचसे मीरपूरकडचे लोक इथल्या कारखान्यांत कामाला आले होते. त्यांच्यातल्या हॉटेलवाल्यांच्या लक्षात आलं की गोऱ्या गिऱ्हाइकाला हाड नको, तूप जड जातं आणि थांबायला वेळ नाही. मग हाडाविना कोंबडी, तुपाऐवजी तेल, रात्रभर शिजवण्याऐवजी भडक आचेवर काही मिनिटांत, आणि ज्या पातळ पत्र्याच्या कढईत शिजवायचं तीच तशीच टेबलावर. 'आदिल्स' या हॉटेलचा दावा असा की १९७७ मध्ये पहिली बाल्टी त्यांनी वाढली. कढया इथेच, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यांत दाबून केलेल्या. थोडक्यात, हेही पथ्याचंच जेवण, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. एकेकाळी या भागात बाल्टीची हॉटेलं डझनांनी होती. आता अस्सल म्हणावीत अशी बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

त्यातल्या एकात आम्ही गेलो. टेबलावर काच, काचेखाली मेनू. म्हणजे हव्या त्या पदार्थावर ताट ठेवलं तर तो दिसेनासा होतो, आणि न परवडणाऱ्याकडे दुर्लक्ष करता येतं. वेटरने शुद्ध बर्मिंगहॅमी इंग्रजीत स्वागत केलं, आणि आमची मराठी ऐकून लगेच उर्दूवर आला. "घबराइए मत भाभीजी, तेल कम है, बिलकुल हेल्दी. डॉक्टर लोग भी यहीं खाते हैं." या एका वाक्याने त्याने माझं अर्धं पथ्य सोडवलं. मग ती कढई आली. कडा जळून काळ्या-निळ्या, आत सगळं अजून रटरटतंय, वर कोथिंबीर टाकताना चर्र असा आवाज, आणि मसाल्याचा धूर थेट डोळ्यांत. चमचे-काटे नाहीत, पावाने, म्हणजे नानने, कढईच्या तळाशी चिकटलेलं खरवडून खायचं. नानचं तर विचारू नका. मेव्हण्याने 'टेबल नान' मागवला होता. तो आला तेव्हा पलीकडे बसलेली बायको मला दिसेनाशी झाली. मैद्याचा विचार करायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी नानच्या आडून व्यवस्थित जेवलो.

इथे दारू विकत नाहीत. धर्माने वर्ज्य. पण दारू आणायला मनाई नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून आपली आपण आणायची आणि टेबलाखाली ठेवायची. वेटर ग्लास देतो, वर ओपनरही देतो. सगळी मंडळी हातात किणकिणत्या पिशव्या घेऊन यावीत आणि कुणाचंच सोवळं मोडू नये, अशी ही व्यवस्था. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, याच्या उलटं बघायचंय?"

याच्या उलटं म्हणजे बेनेट्स हिलवरचा 'द वेलिंग्टन' नावाचा पब. इथे बिअरच्या नळांची ही मोठी रांग, फळ्यावर नावांची जंत्री, पण खायला काही शिजवत नाहीत. जेवण आपलं आपण आणावं. ते ताटल्या, काटे-चमचे, मीठ-मिरी देतात. म्हणजे या गावात जेवणाच्या जागी पिणं आपलं आणि पिण्याच्या जागी जेवण आपलं. दोन्ही घरून न्यायला परवानगी असताना माणसं घराबाहेर पडतात तरी का, हे मला आजवर कळलेलं नाही.

बायकोने मात्र ही गोष्ट गांभीर्याने घेतली. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊनच निघाली. पबच्या त्या काळोख्या लाकडी टेबलावर ॲल्युमिनियमच्या फॉइलमधून थालीपीठं निघाली, वाटीत दही निघालं आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली. बारमनने न चकता ताटल्या आणून ठेवल्या, सोबत एचपीची बाटली. मी प्रीस्टलीला स्मरून सोडा मागितला.

शेजारच्या टेबलावर एक सत्तरीचा गृहस्थ कागदातून पोर्क पाय काढून, सुरीने बरोबर चार भाग करत बसला होता. त्याचं लक्ष लोणच्याकडे होतं. बायकोने बाटली पुढे केली. त्याने पायच्या एका भागावर लोणचं घेतलं, तोंडात टाकलं. कान लाल झाले. बिअरचा मोठा घोट गेला. मग आणखी एक फोड.

"हे कशावर चांगलं?" त्याने विचारलं.

"पोटावर," बायको म्हणाली.

त्याने विचारलं होतं ते लोणचं कशाशी खातात म्हणून. पण उत्तर ऐकून त्याने सुरी खाली ठेवली, खुर्ची आमच्याकडे वळवली आणि आपल्या पोटाची साद्यंत कहाणी सांगायला घेतली. कांदा चालत नाही, सकाळी जळजळ, रात्री गॅस, डॉक्टर नुसत्या गोळ्या देतो. बायको मान डोलवत ऐकत होती. या शहरात आल्यापासून इतक्या रंगून तिने काही ऐकलं नव्हतं. शेवटी तिने ओवा सांगितला. भाजलेला, काळं मीठ घालून, अर्धा चमचा. मेव्हण्याने फोनवर ओव्याचं चित्र काढून दाखवलं आणि सोहो रोडवरचं दुकान सांगितलं, कोणती बस तेही.

"बस माहितीये मला, बॅब," तो म्हातारा म्हणाला. "बिअरच्या आधी घ्यायचा की नंतर, तेवढं सांगा."